पिवळी छत्री आणि गुरुजींचा दुसरा कप

शब्बीरभाईच्या शिलाई मशीनखाली चिंध्या साचतात, तसे आमचे किस्से साचलेत. झाडून काढायला कुणाला सवड हाय! आमच्या लोहा गावात त्याच्या दुकानात आम्ही तिघं रोज बसतो. शब्बीरभाई शिवतो, मी खोड्या काढतो, आन् आमचे रिटायर गुरुजी आम्हा दोघांना शहाणं करून राहिलेत. मी सातवीतून पळालेला, त्यामुळं माझ्यावर त्यांना लई काम पडतं.

*

गुरुजींनी एकदा आम्हाला नांदेडला लव्हस्टोरीचा पिक्चर दाखवला. संगं वहिनी, म्हणजे गुरुजींच्या मिसेस. हिरॉईननं पिवळी छत्री उघडली की गुरुजी म्हणायचे, "पिवळा म्हणजे आशा!" निळी भिंत आली की, "विरह!" हिरॉईन रुसून गेली, तर हिरो रोज उंबऱ्यावर चहाचे दोन कप ठेवून बसायचा. गुरुजी मला कोपर मारून म्हणले, "दुसरा कप म्हणजे तिची रिकामी जागा. कळलं का, बाबूराव?"

पुढच्या रांगेतली पोरगी वळली. "आजोबा, मला रडू तरी द्या ना!"

*

परतीच्या बसमधी वहिनी म्हणल्या, "डोळे मिटा. मी आज कुठल्या रंगाची साडी नेसलेय?"

गुरुजींनी डोळे मिटले. कंडक्टरसुद्धा तिकीट फाडायचा थांबला!

"निळी," गुरुजी म्हणले.

साडी पिवळी होती. बाईनं आशा नेसली आन् ह्यांनी विरह सांगितला!

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी लातूरला लेकीकडं निघाल्या. "परत कधी?" मी विचारलं.

"ह्यांना दिसायला लागलं की," वहिनी म्हणल्या.

*

गुरुजी गप्पगप्प झाले. जरा खुलवावं म्हणून मी मशीनला लाल फडकं टांगलं आन् म्हणलं, "गुरुजी, ह्यात काय दिसतं?"

गुरुजी जवळ गेले. हात लावून बघितलं. "लाल. प्रेमाची धग."

शब्बीरभाई मान वर न करता म्हणला, "तेल पुसायचं हाय वो ते. हाताला लागलं असंल बघा तुमच्या!"

*

मग गुरुजींनी पिक्चरची युक्ती काढली. रोज सकाळी घरापुढच्या ओट्यावर दोन कप चहा. दुसरा मी जाऊन पिऊन टाकायचो.

"अरे, तो तिचा आहे!"

"गुरुजी, तुमच्या विरहावर साय धरून राहिली. वाया कशाला घालवायचा?"

एक दिवस मी दोन्ही कपांचा फोटो काढून गुपचूप वहिनींच्या मोबाईलवर पाठवला. तिकडून उत्तर आलं, "ह्यातला माझा कप कोणता, विचारा त्यांना."

मी विचारलं. गुरुजी स्वयंपाकघरात गेले. फुलाफुलांचे पाहुण्यांचे कप काढल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात स्टीलची वाटी.

"सगळ्यांचा झाला की पातेल्यात उरलेला ती ह्यात ओतून घेते," गुरुजी म्हणले. "तिला कपच नाही रे, बाबूराव."

त्या दिवशी दुसरा कप मी तसाच ठेवला.

*

शब्बीरभाईनं शटर ओढलं आन् आम्ही तिघं लातूरची बस धरली. लेकीच्या दारात वहिनी उभ्या. गुरुजींनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग कुणी न सांगताच डोळे मिटले.

"जांभळी. हिरवा काठ. पदराला पांढऱ्या दोऱ्यानं टाका घातलाय."

"टाका माझा न्हाई हां!" शब्बीरभाई मागून घाईघाईनं बोलला.

"आत या," वहिनी म्हणल्या. हसू न्हाई, राग न्हाई.

लेकीनं कपांचा ट्रे आणला. वहिनी सवयीनं वाटी घेऊन आतल्या दाराशी टेकल्या. गुरुजी उठले. आपला कप त्यांच्या हातात दिला, वाटी स्वतः घेतली आन् तिथंच शेजारी फरशीवर बसले.

वहिनी कपाकडं बघत राहिल्या. मग म्हणल्या, "हे आता कशाचं प्रतीक म्हणायचं?"

गुरुजींनी वाटीत फुंकर घातली.

"कशाचं नाही. चहा आहे. निवायच्या आत घे."