आमचा बुधवार

महाराजांच्या राज्यात कोल्हापुरात शिकायला येणारी गरीब मुलं वार लावून जेवत, रोज एका घरी. आमच्याकडे बुधवारी येणारा मुलगा बी.ए.ला गणित घेऊन बसला होता. तीन वर्षं आम्ही सगळे त्याला 'बुधवार' म्हणूनच हाक मारत होतो.

ताट येईपर्यंत तो ओल्या बोटानं फरशीवर आकृत्या काढायचा आणि मी वाढायला गेले की घाईनं तळहातानं पुसून टाकायचा. "एवढं गणित शिकून काय करणार रे?" मी एकदा विचारलं.

"मास्तर हुनार की, काकी. आमच्याकडं गणिताला मास्तरच टिकत न्हाय."

तो पास झाला, पाया पडून गावी गेला. त्याच आठवड्यात यजमानांचे स्नेही घरी आले. ते शाळाखात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. "गणितवाला बी.ए. आहे का कुणी? हायस्कुलात जागा आहे, उद्याच नाव कळवायचंय."

"आमचा बुधवार आहे की!" मी म्हणाले.

ते हसले. "अहो वहिनी, कागदावर बुधवार लिहू का? नाव काय, गाव कुठलं?"

मी यजमानांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. दोघांनाही ठाऊक नव्हतं. जागा दुसऱ्याला गेली.

वर्षानं तो पेढे घेऊन आला. "कचेरीत कारकून लागलो, काकी. गणिताच्या मास्तराची जागा कुठं निघालीच न्हाय बगा."

मी पेढा घेतला. नाव मी त्या दिवशीही विचारलं नाही. विचारायची लाज वाटली.