यानछिऊला न दिसलेला चेंडू

छू यानछिऊ आमच्या चीलिन प्रांताच्या बास्केटबॉल संघात आली तेव्हा सतरा वर्षांची होती, उंची एक मीटर चौऱ्याण्णव. बाप खेड्यात घोडागाडी हाकायचा. मी संघातली सगळ्यात बुटकी, चेंडू पुढे नेऊन वाटणारी. कोच हौंनी आम्हाला एकाच खोलीत टाकलं.

"एकमेकींची सवय करून घ्या. बुटकी देईल, उंच टाकेल."

त्या वयात मुलींची वाढ थांबते. यानछिऊची थांबली नाही. दर महिन्याला भिंतीशी उभी करून मोजायचे आणि खूण वर सरकली की आम्ही सगळ्या टाळ्या वाजवायचो. खानावळीतला आचारी तिच्या भांड्यात दोन अंडी जास्त टाकायचा. बुटांसाठी चांभाराने तीनदा नवा लाकडी साचा केला. एका सामन्यात तिने एकटीने एकतीस गुण केले, पेपरात फोटो आला. तो बापाने घरात मधल्या भिंतीवर डकवला.

चौथ्या वर्षी तिचं डोकं दुखायला लागलं. ती कपाळाला मफलर आवळून झोपायची. बोटं जाड झाली, आवाज पुरुषी झाला. एकदा कपडे धुताना हळूच म्हणाली, "बुटके, दीड वर्ष झालं, पाळी आलेली नाही."

"नशीबवान आहेस," मी हसले. "सराव तरी बुडत नाही."

मग तिच्या हातून चेंडू निसटायला लागले. समोरून आलेला झेलायची, बाजूने आलेला कानावर आदळायचा. दाराच्या चौकटीला खांदे आपटायचे.

"डोळे गावी ठेवून आलीस का गं?" मी ओरडायचे.

"तूच चोरून टाकतेस, बुटके," ती कान चोळत म्हणायची.

उपांत्य सामन्यात शेवटचं अर्धं मिनिट उरलं होतं, आम्ही एका गुणाने मागे. ती टोपलीखाली मोकळी उभी होती. मी उजवीकडून चेंडू टाकला. तिने मान वळवलीच नाही. चेंडू बाहेर गेला, आम्ही हरलो.

कपडे बदलायच्या खोलीत कोच हौ सगळ्यांसमोर म्हणाले, "हाक मारली तर बैलसुद्धा वळून बघतो."

मी बूट फेकला. "मी हिला चेंडू देणार नाही."

आणि खरंच दिला नाही. पुढचा सगळा हंगाम ती टोपलीखाली हात वर करून उभी राहायची आणि मी दुसऱ्या बाजूला टाकायचे.

उन्हाळ्यात डोळे तपासायला शहरातल्या इस्पितळातून एक तरुण डॉक्टरीण आली. तिने यानछिऊच्या कानांजवळ दोन्ही हात धरले. "बोटं हलताहेत का?"

"कुठली बोटं?"

डॉक्टरणीने हात खाली घेतले. मेंदूच्या तळाशी गाठ होती. तीच तिला वाढवत होती, आणि तीच दोन्ही बाजूंची नजर खात होती. संघाच्या डॉक्टरांना दोन वर्षांपूर्वीच शंका आली होती, हेही तेव्हाच कळलं. हंगाम संपल्यावर बघू, असं ठरलं होतं.

मी कोच हौंच्या खोलीत गेले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

त्यांनी मान वर केली नाही. "ती वाढत होती तेव्हा टाळ्या तूही वाजवल्यास ना?"

बीजिंगला शस्त्रक्रिया झाली. उजवा डोळा गेला, डाव्याने नळीतून पाहावं तेवढंच दिसायचं. चोविसाव्या वर्षी तिला घरी धाडलं. मी एकदाच भेटायला गेले. तापवलेल्या विटांच्या ओट्यावर बसून ती कणसं सोलत होती.

"मी तुला मुद्दाम चेंडू देत नव्हते," मी म्हणाले.

"ठाऊक होतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, मी आळशी झालेय." आणि दाणे चाचपत राहिली.

तेहतिसाव्या वर्षी तिचं हृदय थांबलं. मला पत्र मिळालं तोवर तीन आठवडे झाले होते. मी गेले. बाप पार बहिरा झालेला, त्याला वाटलं मी सरकारी क्रीडाखात्यातून आलेय. त्याने माझ्यापुढे आंबवलेल्या कोबीचं वाडगं ठेवलं आणि मोठ्याने विचारलं, "पोरीच्या हातून काही चुकलं होतं का?"

"नाही, काका!" मी त्याच्या कानाशी ओरडले. "फार छान खेळायची!"

"मग परत का पाठवली?"

मी खाली मान घालून जेवत राहिले. तो उत्तराची वाट बघत समोर बसून होता.