अकराव्या मजल्यावरचं अळू

शारजात बागेचं वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं. अल नहदातल्या आमच्या बाल्कनीत तेव्हा मेथी, टोमॅटो, झेंडू सगळं हौसेनं येतं आणि एप्रिल संपता संपता आमच्या हौसेसकट वाळतं. मेमध्ये रिकाम्या कुंड्या एकात एक घालून ठेवायच्या आणि बाल्कनीचं दार लावून घ्यायचं. उन्हाळ्यात बाहेर राहतं ते फक्त बायकोचं अळू, कोपऱ्यात, हिरव्या जाळीच्या आड. ते ऋषिपंचमीला लागतं.

ऋषीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही. बायकोचं म्हणणं असं, की अकराव्या मजल्यावर बैल येणं शक्य नाही, तेव्हा याहून शुद्ध अळू अख्ख्या अमिरातीत मिळायचं नाही. बिल्डिंगमधली सगळी मराठी घरं त्या दिवशी आमच्याकडे जेवतात आणि पहिल्या घासाला कुणीतरी म्हणतंच, "वा, घरचं अळू!" तेवढं ऐकायला ती वर्षभर ती कुंडी सांभाळते.

शाळेला सुट्टी लागली की ती मुलीला घेऊन पुण्याला जाते. माझी नोकरी हमरियाला. उन्हाळ्यात रजा मागितली की साहेब "इन्शाल्ला" म्हणतात, म्हणजे नाही. एरवी अळूचं पाणी ती शेजारणीवर सोपवते; या वर्षी शेजारीणही गावाला गेलेली, म्हणून विमानतळावर निरोप घेताना बायको एवढंच म्हणाली, "अहो, तुम्ही एखाद्या दिवशी जेवला नाहीत तरी चालेल. अळूला पाणी चुकवू नका."

मी चुकवलं नाही. ऑफिसातून आलो की बूट न काढता बाल्कनीच्या नळाखाली झारी भरायची आणि कुंडीत रिकामी करायची. घरात दुसरं कुणी नसल्यामुळे अळूशी दोन शब्द बोलायचोही. पानं मलूल झाली. मी एका झारीच्या दोन केल्या. पानं पिवळी पडली, मग देठ मऊ होऊन कुंडीच्या काठावर लोळले. मला वाटलं, आपण रोज ऑफिसची रडगाणी ऐकवतो, त्याचा हा परिणाम. चार दिवस गप्प राहून पाणी घातलं. तेही मानवलं नाही.

शेवटी व्हिडिओ कॉलवर बायको म्हणाली, "तुमचं तोंड बघितलं. आता अळू दाखवा."

मी फोन खाली धरला. 

"हे काय आहे?"

"अळू."

"हे फदफदं आहे. नुसती फोडणी राहिलीय."

मुलगी मध्ये घुसली. "बाबा, व्हिच टॅप?"

"बाल्कनीचा. थंड पाण्याचा."

"ओ माय गॉड, बाबा! यू कुक्ड इट!"

इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या अशा तापतात, की थंड पाण्याच्या नळाखाली हात धरवत नाही. म्हणून आम्ही सगळे जूनमध्ये गिझर बंद करतो. गिझरची टाकी घरात, एसीच्या गारव्यात. तिच्यातलं पाणी थंड राहतं. मग ऑक्टोबरपर्यंत लाल खुणेचा नळ थंड आणि निळ्या खुणेचा गरम. इथल्या शाळकरी पोरांनाही हे ठाऊक असतं. मलाही होतं. मी स्वतः रोज सकाळी लाल नळाच्या गार पाण्यानं आंघोळ करत होतो आणि संध्याकाळी अळूच्या मुळांवर आधण ओतत होतो!

"स्वतःच्या पाठीची काळजी मी बरोबर घेतली," मी म्हणालो. "मुळात मी स्वार्थी माणूस आहे. हे तुला लग्नाआधीच सांगायला..."

"स्वार्थाचं नंतर बघू. आधी कंद दाबून बघा."

माती उकरून बघितलं. कंद घट्ट होता.

तिकडून हुकूम आला: कुंडी बाथरूममध्ये. बाहेर आग, खोल्यांत एसीची कोरडी हवा. ओलावा मिळेल अशी घरात तेवढीच जागा. कुंडी टबात बसली. उरलेल्या अर्ध्या टबात मी, साबणाचा थेंब तिकडे उडू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून. आंघोळ झाली की लाल नळाचं पाणी तिला. खिडकी नाही म्हणून दिवसभर दिवा चालू ठेवायचा आणि ऑफिसात बसून, तो आपण बंद तर केला नाही ना, याची काळजी करायची.

तरीही धीर निघेना. एका शुक्रवारी सुपरमार्केटात गेलो. अळूची जुडी हातात घेतली आणि भाजीवाल्या पोऱ्याला विचारलं, "भाई, इसके खेत में बैल चलता है क्या?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "सर, ये तो प्लेन से आता है."

त्यानं बैलाचा प्रश्न सुटत नव्हता. जुडी परत ठेवली. घरी आलो तर कंदातून सुरळीसारखं काहीतरी वर आलं होतं. मी बाथरूमच्या दारातूनच पुण्याला फोन लावला.

ऑगस्टअखेर बायको परतली ती बॅगा दारात टाकून थेट बाथरूममध्ये. लांबुडक्या फिकट देठांवर तीन पानं उभी होती. तिनं एकेक उलटंसुलटं करून बघितलं.

"कुणाला सांगू नका," ती म्हणाली.

ऋषिपंचमीला तिन्ही पानं बारीक चिरून भाजीत गेली. घर भरलं. पहिला घास घेऊन सातव्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "वा, घरचं अळू! कळतं हो लगेच."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. काकूंनी भाजी परत वाढून घेतली आणि मला राहवेना.

"काकू, ते अळू बाथरूममधलं आहे," मी म्हणालो. मग उरलेलंही सांगितलं: झारी, निळा नळ, टब, अर्ध्या टबातली माझी आंघोळ. बायको मोठ्यानं म्हणाली, "अहो, पुरे!"

काकूंनी पानातल्या भाजीकडे निरखून बघितलं. मग माझ्याकडे.

"बैल नाही ना लागला?"

"नाही."

"मग झालं तर." त्यांनी घास तोंडात घातला आणि बायकोकडे वळल्या. "मला एक कंद दे गं. आमच्या बाथरूमला तर खिडकीसुद्धा आहे."