काम झाल्याचा आकडा

कोणी तोंडावर शिवी दिली तर मी चार दिवसांत विसरते. 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असं गोड आवाजात म्हणणाऱ्याला मात्र मी जन्मभर विसरत नाही. त्या मे महिन्यात हे वाक्य माझ्या कानावर इतक्यांदा पडलं की आता कोणी मनापासून माफी मागितली तरी माझं डोकं फिरतं.

गोष्ट एसीची आहे. एसी म्हटलं की काही लोक ओठ मुरडतात, चोचले म्हणतात. म्हणोत बापडे. नागपुरात मिहानमधल्या कंपनीत नोकरीला लागल्यावरही कित्येक उन्हाळे मी कूलरवरच काढले, बादल्यांनी पाणी भरून, वाळ्याच्या ताट्या बदलून. एसी घेतला तो बाबांसाठी. आदल्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. गिळतानाही ठसका लागायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं की कूलरची दमट हवा नको, छातीत कफ धरेल. पण खोली तापूही देऊ नका, या माणसाला ताप चढणं परवडणार नाही. मनीषनगरचा आमचा फ्लॅट सगळ्यात वरचा, बाबांची खोली बरोबर गच्चीखाली. दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर तिथे नवाकोरा एसी लागला. बिल बाबांच्या नावाचं आणि नंबरही बाबांच्याच मोबाइलचा, कारण आईचं म्हणणं होतं की घरातली वस्तू घरच्या मोठ्या माणसाच्या नावानं असावी. ती चार महिने पडून असलेल्या नवऱ्याचा मान राखत होती, मी कशाला मोडता घालू.

बाबा विणकरांच्या घरातले. माग बंद पडले तेव्हा ते इतवारीत साड्यांच्या दुकानात गादीवर बसले आणि उतारवयापर्यंत बसले. त्यांचं पोट त्यांच्या जिभेवर होतं. साडी न घेता निघालेली बाई दुकानाच्या पायरीवरून परत फिरवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. असा माणूस मुका झाला तेव्हा घरातली शांतता आम्हाला सोसवत नव्हती. बोलण्याचे व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. महिनोन्‌महिने बाबा नुसते ओठ हलवत. मग एका सकाळी खोलीतून आवाज आला, "अवं."

आयुष्यभर ते आईला याच हाकेनं बोलवत आले. आई कणकेच्या हातानंच धावली. त्या दिवशी तिनं काही ना काही निमित्त काढून त्यांच्याकडून ती हाक परत परत म्हणवून घेतली. नंतर 'पाणी' आलं, 'चाय' आलं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, आता गाडी रुळावर आलीय, फक्त तब्येत घसरू देऊ नका. आमच्या घरात तेव्हा जपण्यासारखं एवढंच होतं.

आणि मेच्या पहिल्या आठवड्यात एसी बंद पडला.

हेल्पलाइन नावाच्या वस्तूशी माझी ओळख इथून झाली. हिंदीसाठी हे दाबा, इंग्रजीसाठी ते दाबा. मराठीसाठी काय दाबायचं ते कोणीच सांगत नाही, बहुधा स्वतःचा गळा. नंतर बासरी. बासरी संपली की तुमचा कॉल आमच्यासाठी किती मोलाचा आहे ते कळतं आणि लगेच तो मोलाचा कॉल कट होतो. तासाभरानं एक मुलगी भेटली. घरात अर्धांगवायूचा पेशंट आहे, लवकर माणूस पाठवा, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, आपल्या एसीचा मॉडेल नंबर सांगा. मी पेशंटबद्दल पुन्हा बोलले. तिनं मॉडेल नंबर पुन्हा विचारला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना मेकॅनिक येऊन गेला. चाळिशीचा, उन्हानं रापलेला माणूस. दारात उन्हातून आलेल्या माणसाला आमच्या आईच्या हिशेबी जातपात, कंपनी, वॉरंटी काही नसतं. तिनं त्याला गूळपाणी दिलं, पंख्याखाली बसवलं, वर कांदेपोहे. त्यानं एसी उघडला, बोर्ड जळलाय म्हणाला, आणायला लागेल म्हणाला. निघताना म्हणाला, मावशी, मोबाइलवर एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगा. आईनं बाबांचा फोन चष्मा लावून पाहिला आणि आकडा सांगून टाकला.

संध्याकाळी मी घरी आले तर खोली भट्टी झालेली, बाबा घामानं निथळलेले, आणि त्यांच्या फोनवर मेसेज: आपली तक्रार यशस्वीरीत्या निकाली काढण्यात आली आहे. खाली पाच चांदण्या, आणि आपण समाधानी आहात याचा आम्हाला आनंद आहे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो आकडा काम झाल्याची कबुली असतो, हे मी आईला समजावलं. कंपनीच्या लेखी आता आपला एसी चालू आहे. आई शांतपणे म्हणाली, तो बिचारा उन्हातून आला होता, त्यानं मागितला, मी दिला; आकडाच तर होता. मी पुन्हा तक्रार केली. हेल्पलाइनवाली म्हणाली, मॅम, सिस्टिममध्ये तर काम पूर्ण दिसतंय, ग्राहकानं स्वतः ओटीपी दिलाय. म्हटलं, तुमच्या सिस्टिमला एकदा माझ्या बापाच्या खोलीत आणून बसवा. ती दिलगीर झाली.

दुसऱ्यांदा तोच मेकॅनिक आला आणि तसंच झालं. त्याच्या हातात बोर्ड नव्हता, पण आकडा मागायला तोंड होतं. या वेळी तो आईला म्हणाला की बोर्ड आणायला हा आकडा लागतो. सपशेल खोटं. आईनं पुन्हा दिला, वर मला सांगितलं, "माणूस इतकं तोंड भरून मावशी म्हणते, त्याले नाही कसं म्हणू वं?" तेव्हा मी तिच्यावर इतकी ओरडले की बाबा आतून 'अवं' म्हणाले, बहुधा मला गप्प करायला.

बाहेरचा मेकॅनिक मी आणला नाही असं नाही. तो म्हणाला, हा बोर्ड बाजारात मिळत नाही, फक्त कंपनीकडे, आणि मी हात लावला तर तुमची वॉरंटी जाईल. दुसरा एसी घ्यायला दुकानात गेले तर कळलं की फिटिंगला आठ-दहा दिवस लागतील, फिटिंगवाले कमी पडतायत, सीझन आहे. भाड्याच्या एसीची चौकशी केली तर समोरचा हसला. शेवटी कूलर खाली काढला. दोन रात्रींत बाबांची छाती घरघरायला लागली, तो परत गॅलरीत ठेवला. मग ओल्या चादरी, बर्फाचं भांडं टेबलफॅनपुढे, आई पदरानं वारा घालतेय. कंपनीचं सर्व्हिस सेंटर मी शोधून काढलं. काचेमागे मॅनेजर स्वेटर घालून बसला होता, मे महिन्यात. त्यानं कॉम्प्युटरवर पाहून सांगितलं की आपल्या नावावर एकही तक्रार उघडी नाही.

मी तिथे फार आवाज केला. सिक्युरिटीवाल्यानं मला अदबीनं दरवाजा दाखवला. नवी तक्रार मात्र लिहून घेतली गेली.

तिसऱ्या खेपेला मी सुट्टी घेऊन बसले आणि बाबांचा फोन स्वतःजवळ ठेवला. तोच मेकॅनिक, तीच पिशवी. बोर्ड आला नव्हता. आईनं पाणी पुढे केलं. मी म्हटलं, खोली थंड होईपर्यंत आकडा मिळणार नाही. त्यानं आधी समजूत घातली, मग जरा चढून बोलला. मी हटत नाही म्हटल्यावर खरं बोलला.

"ताई, बोर्ड नागपुरात आलाच नाही अजून. आमाले तक्रार उघडी ठेवाची परवानगी नाही. वरून फोन येते, बंद करा म्हणते. मी काय करून राहिलो, तुमीच सांगा."

या जागी कदाचित मला त्याची कीव यायला हवी होती. नाही आली. शेजारच्या खोलीत माझे बाबा बनियन काढून उघड्या अंगानं पडले होते, आणि हा माणूस दोनदा माझ्या आईचं खाऊन तिच्याकडून खोटी सही घेऊन गेला होता. मी त्याला जायला सांगितलं. जाता जाता तो आईला 'येतो मावशी' म्हणाला आणि ती सवयीनं 'ये' म्हणाली.

तक्रार उघडी राहिली तशी कंपनी जागी झाली. म्हणजे काय, तर दिवसातून दोनदा बाबांच्या फोनवर कॉल यायला लागले. ओटीपी का दिला जात नाही? एसी चालू आहे की बंद, हे कोणी विचारत नव्हतं. सगळ्या कंपनीला फक्त तेवढा आकडा हवा होता.

शनिवारी बाबांना ताप भरला. दुपारपर्यंत अंग भाजायला लागलं, डोळे पांढरे झाले, झटके आले. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय. मी म्हटलं, ते घराबाहेर पडलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, घरातही लागतं. बाबा जगले. आठवड्यानं घरी आणलं तेव्हा शेजारी म्हणाले, देव पावला. बोलण्याच्या व्यायामाच्या बाई आल्या, त्यांनी बराच वेळ प्रयत्न केला. बाबा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. 'चाय' गेलं होतं, 'पाणी' गेलं होतं. आई दारात उभी राहून वाट पाहत होती. बाई उठताना तिच्याशी नजर न मिळवता म्हणाल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि या वेळी खात्री देता येणार नाही. आई स्वयंपाकघरात गेली आणि कुकर लावला.

जूनच्या सुरुवातीला मेकॅनिक बोर्ड घेऊन आला. त्याला काही माहीत नव्हतं. तासाभरात एसी सुरू झाला. खोली अशी गार झाली की बाबांच्या अंगावर चादर घालावी लागली. इतकंच काम होतं, एका तासाचं. मी खिडकीशी उभी होते, मला रडू येत होतं आणि मी ते रागानं आवरत होते. मेकॅनिकनं हत्यारं पिशवीत भरली आणि खुशीत म्हणाला, "घ्या मावशी, झालं एकदाचं. आता द्या ओटीपी."

काम झालं होतं. आता आकडा द्यायला हरकत नव्हती, मी फोन शोधायलाही लागले होते. पण फोन आईच्या हातात होता.

ती बाबांकडे बोट दाखवून म्हणाली, "आकडा यायच्या फोनवर आला न? मंग यायलेच विचार. यायनं सांगतला का लिहून घेजो."

त्याला वाटलं ती गंमत करतेय. तो हसला, माझ्याकडे बघितलं. मी हसले नाही. मग तो बाबांच्या पलंगाशी जाऊन वाकला आणि जरा मोठ्यानं म्हणाला, "बाबाजी, ओटीपी." बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, गिऱ्हाइकाशी बोलायला लागताना हलायचे तसे, आणि आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. तेव्हा त्या माणसाला कळलं. तो सरळ उभा राहिला, पिशवी उचलून गेला. त्याचे त्या फेरीचे पैसे बुडाले असणार. बुडू देत.

कंपनीच्या दप्तरी आमची तक्रार अजून उघडी आहे. अधूनमधून कॉल येतो. मी तो कट करायला सांगते, पण आई ऐकत नाही. ती फोन उचलते, बाबांच्या कानाला लावते आणि शेजारी बसून राहते. पलीकडची मुलगी सर, सर करत आकडा विचारत असते. ती थकून फोन ठेवीपर्यंत आई तो कानावरून काढत नाही.