देवाजीकाकांना सांगायचं कोणी?

रविवारी विहारात वंदना आटोपली, तेव्हा देवाजी रामटेके आपणहून सुजाताजवळ आले. तिचा राजदीप कुम्हारीच्या ज्या ओतकाम कारखान्यात क्रेन चालवतो, तिथले ते मॅनेजर. आयटीआय करून घरी बसलेल्या पोराला त्यांनीच नोकरी लावून दिली. म्हणून तिच्या घरात ते साहेब नव्हेत, देवाजीकाका.

"वहिनी, राजदीप तिथं हाय म्हणून मी निर्धास्त हावो," ते म्हणाले. "काही कमीजास्त झालं त पोरगा मले सांगनच."

सुजाताच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

ते दुपारपर्यंतही टिकलं नाही. राजदीपच्या पाळीतला तेजराम रोज त्याला मोटरसायकलवर घेऊन जातो. खुर्सीपार वस्तीतल्या सुजाताच्या दारात गाडी लावून त्यानं पाणी मागितलं आणि सहज विचारलं, "मावशी, ब्रेकचं काय म्हणे मंग साहेब?"

"कोणता ब्रेक?"

"राजदीपच्या क्रेनचा. थांबवली तरी बादली वीतभर खाली सरकून राहिली. आमी समद्यायनं त्याले सांगतलं. घरचाच साहेब हाय त्याचा, आमी कायले मधात तोंड घालाव?"

बादली म्हणजे वितळलेल्या लोखंडानं भरलेलं भांडं. त्याच्याखाली माणसं वावरतात. तेजराम त्यांतलाच एक, आणि तो गटागटा पाणी पीत होता.

राजदीप बुटाची नाडी बांधत होता. सुजातानं हळूच विचारलं, "तू काकाले सांगतलं का?"

"मम्मी, तू मत पड़ इसमें."

"कावून नाही सांगतलं?"

"ज्यायनं नोकरी लावली त्यायलेच सांगू, तुमची क्रेन खराब हाय म्हणून? लोग बोलेंगे, कल का आया और नेता बन गया." त्यानं डबा उचलला. "सर्व्हिसिंग होनारच हाय."

गाडी वळणाआड गेली. सुजाता उंबऱ्यातच बसली. सकाळी काका बोलले ते आणि आत्ता तेजराम बोलला ते, दोन्ही तिच्या कानात एकदम वाजू लागलं. साहेबाला वाटतं, राजदीप सांगेल. पोरांना वाटतं, राजदीपनं सांगितलं. आणि राजदीप उपकाराखाली दबून गप्प.

फोन हातात होता. केला तर पोराची नोकरी जाईल. गल्लीतल्या ललिताच्या नवऱ्यानं असंच काही बोलून दाखवलं आणि ठेकेदारानं त्याला दुसऱ्या दिवशी फाटकातूनच परत पाठवलं होतं. नाही केला तर? तिला पाणी पिताना वरखाली होणारा तेजरामचा गळा दिसत राहिला.

तिनं फोन लावला. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा काकांचा आवाज आला तेव्हा तिनं ब्रेकचं सगळं सांगून टाकलं.

"मले कोनीच नाही बोललं, वहिनी."

"त्यायले वाटते, राजदीप बोलला."

"आन मले वाटे, काही असतं त तो बोलला असता." फोन कट झाला.

संध्याकाळभर तिनं चूल पेटवली नाही. रुग्णवाहिकेचा आवाज आला की ती हायवेकडे धावे.

राजदीप पाळी संपायच्या आधीच आला, रागानं लाल. "सबके सामने पूछा काका ने. क्रेन बंद केली. आता समदे म्हणतीन, मायकडून फोन करवते."

"पन तेजराम?"

"ठीक हाय ना तो. बाहेर उभा हाय."

ती बाहेर गेली. तेजराम गाडीवर बसून तंबाखू मळत होता. "मावशी, बोलू द्या त्याले," तो म्हणाला. "उद्यापासून साहेब पाळीच्या सुरवातीले एकेकाले इचारनार हायेत. 'समदं ठीक ना?' असं नाही. काय बिघडलं, थेच सांगाचं. ज्याचं त्यानं. मानलेल्या पुतन्यानंबी."

दुसऱ्या दिवशी राजदीप निघताना डबा घ्यायला थांबला. रात्रभर तो तिच्याशी बोलला नव्हता. आता पायाकडे बघत म्हणाला, "दुसऱ्या क्रेनचा दोर बी घासला हाय. आज मीच सांगतो."

'नको रे, जाऊ दे' हे सुजाताच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि डबा त्याच्या हातात दिला. गाडीचा आवाज विरला तरी ती फोन मुठीत धरून दारातच उभी होती. आज तिला दोन्हींची भीती होती, क्रेनचीही आणि काकांच्या रागाचीही.