जास्वंदीची फिर्याद

चोरलेली फुलं चोरीला गेली, म्हणून पोलिसांत तक्रार द्यायला गेलेली डोंबिवलीतली मी पहिलीच बाई असावी. नातवंडं म्हणतात, आजी, थापा नको मारूस. पण थापच मारायची असती, तर तीत मी जरा शहाणी नसते का दिसले?

आमचे हे तेव्हा कल्याणच्या कोर्टात कारकून. त्यामुळे कायदा मलाही कळतो, अशी माझी पक्की समजूत. (लग्नाने आडनाव येतं, कायदा येत नाही, हे कोणी सांगितलंच नव्हतं.) शिवाय देवासाठी दुसऱ्याच्या कुंपणावरचं फूल तोडणं म्हणजे चोरी नव्हे, हे आमच्या अख्ख्या गल्लीला मान्य होतं. फक्त ज्यांची झाडं, त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी अंगारकी. म्हात्रेदादांच्या बंगल्याची जास्वंद लालेलाल झालेली. मी पिशवी भरली, त्यांच्याच गेटला अडकवली आणि छत्रीच्या मुठीने वरची फांदी ओढायला कोपऱ्यावर गेले. परत येते तो पिशवी म्हात्रेदादांच्या हातात, आणि दादा शांतपणे घरात निघालेले.

मी तडक पोलीस चौकी गाठली. फौजदार बाईंना सगळं खरं खरं सांगितलं, अगदी छत्रीसकट. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"फुलं कोणाच्या झाडाची?"

"त्यांच्याच."

"तोडताना त्यांना विचारलेलं?"

"देवाच्या फुलांना कोण विचारतं?"

"कायदा विचारतो, काकू. मालकाला न विचारता त्याची वस्तू उचलली की चोरी. देव त्यात पक्षकार नाही. तक्रार लिहून घेते, पण म्हात्रे आरोपी होत नाहीत. तुम्ही होता."

म्हणजे खटला कल्याणला, आणि माझी फाइल ह्यांच्याच टेबलावर!

"पिशवी तरी माझी आहे," मी पुटपुटले.

बाईंनी म्हात्रेदादांना बोलावून घेतलं आणि तक्रार द्यायची आहे का, असं विचारलं. दादांनी माझ्याकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं. इतका वेळ घेतला, की मी मनात जामिनाला कोण राहील याची नावं काढू लागले. मग त्यांनी मान हलवली. तक्रार नाही म्हणाले, आणि रिकामी पिशवी नीट घडी करून माझ्या हातात ठेवली.

बाहेर पडल्यावर दादा म्हणाले, "वहिनी, फुला रोज न्या, देवाचीच हाईत. फक्त माज्यावर तक्रार कराला निंगाल तवा मना पन हाक मारा, एकच रिक्षा करू."