उजवा कौल

मोरी म्हणजे आमच्याकडचा लहान शार्क. आई ती अंगणातल्या नळाखाली बसून कापायची आणि आतडी मांजरासाठी बाजूला टाकायची. मी पाच-सहा वर्षांची असेन. त्या घाणीत मला बोराएवढा लालसर गोळा दिसला आणि तो हलत होता. मासा केव्हाच तुकडे होऊन पातेल्यात गेला होता आणि हा आपला उडतोय! मी तो तळहातावर घेतला. उडायचा, थांबायचा, परत उडायचा. "आई गो, ह्या जिता आसा!" मी ओरडले. "काळीज ता. टाक खाली, हात धू," आई म्हणाली. मी टाकलं नाही. ते पुरतं थांबेपर्यंत तशीच उकिडवी बसून राहिले. डॉक्टर का व्हायचंय असं पुढे खूप जणांनी विचारलं. मी समाजसेवा वगैरे काहीबाही सांगायचे, पण खरं कारण हे एवढंच होतं.

आता कुणाला वाटेल, अशी पोर शाळेत हुशारच असणार. डोंबलाची हुशार! पाचवीत 'सजीवांची लक्षणे लिहा' या प्रश्नाला मी उत्तर लिहिलं, 'मेल्यावरही थोडा वेळ हलतो.' बाईंनी भोपळा दिला आणि वर सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं. गणिताशी तर माझं उभं वैर. दहावी काठावर सुटले. अकरावीला सायन्स मागायला गेले, तर खिडकीतल्या साहेबांनी गुणपत्रिका परत माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "कॉमर्सला जा, सुखी राहशील." मी म्हटलं, "सुख नको, सायन्स द्या." माझं तोंड तेव्हाही असंच होतं. दिलं बाबा त्यांनी, कटकट जावी म्हणून.

माझ्या वडिलांची थोडी हापूसची कलमं आहेत आणि बाकी वेळ ते लोकांच्या बागांत फवारणीला जातात. कौलाशिवाय त्यांचं पान हलत नाही. आमच्या गावच्या देवळात गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपण प्रश्न विचारायचा आणि हात जोडून उभं राहायचं. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. विहीर कुठे खणायची, आत्या कुठल्या घरात द्यायची, सगळं पाकळीवर. तरुणपणी बाबांचं एका मित्राबरोबर बांद्याला दुकान टाकायचं ठरलं होतं. पिशवी भरून तयार होती. निघण्याआधी कौल लावला, तो डावा आला. बाबांनी पिशवी रिकामी केली आणि फवारणीचा पंप पाठीला लावला. त्या मित्राचं आज हायवेला दुमजली दुकान आहे. बाबांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

बारावीनंतर मी नीटची परीक्षा दिली आणि तोंडावर आपटले. दुसऱ्या वर्षी पात्र ठरले, तेव्हा वाटलं, झालं काम! प्रवेशाच्या फेऱ्या असतात हे डोक्यातच नव्हतं. एकेक यादी लागायची, माझ्या वरचे आत जायचे आणि मी दाराबाहेर. तिसऱ्या वर्षी तर हातातोंडाशी आलेला घास गेला. माझ्या जरा वर यादी थांबली. मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही, म्हणजे घरात किती शांतता झाली असेल बघा.

दरवर्षी असं झालं की धाकटे काका पडवीत येऊन बसायचे. "पुरे झाला आता. नर्सिंगाक घाल हिका, नायतर लगीन लावन टाक." बाबा ऐकून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, नारळ घेऊन देवळात जायचे. मी आणखी एक वर्ष द्यायचं की नाही, ते तिथे ठरणार होतं. आई चुलीपुढे आणि मी पायरीवर. मी नखं खात बसायचे. बऱ्याच वेळाने बाबा यायचे, शर्ट खुंटीला अडकवायचे आणि एकच शब्द बोलायचे, "उजवो." की काकांचं तोंड बंद. देवाने हो म्हटल्यावर आमच्या घरात कुणाची जीभ उचलत नाही.

तिसऱ्या खेपेला मात्र काकांना राहवलं नाही. "उजवो दिल्यान तरी ह्या पडता कसा? देवाक सिलॅबस बदललेलो कळूक नाय वाटता." आई आतून गरजली, "शिरा पडो तुझ्या तोंडार!" बाबांनी पंप पाठीला लावला आणि कामाला निघून गेले. मला मात्र तेव्हा पहिल्यांदा देवाची दया आली. माझ्यापायी त्यालाही बोल लागत होता.

त्या चौथ्या वर्षात काहीतरी बदललं. तोवर मी मार्कांसाठी पाठ करत होते, आता वाचता वाचता अडकायला लागले. मूत्रपिंडाचं प्रकरण मी कितीदा वाचलं असेल! मुठीएवढी दोन मूत्रपिंडं, आणि अंगातलं सगळं रक्त दिवसभर परत परत गाळत बसतात. मी झोपले तरी, मी काकांवर चिडले तरी. नको ते बाहेर, हवं ते परत आत, आणि आपल्याला पत्ता नाही! मी पुस्तक मिटायचे आणि कमरेच्या वर पाठीला हात लावून बसायचे. आई विचारायची, "पाठ दुखता काय गो?" मी म्हणायचे, "नाय गो, चलता कसा ता बघतंय." ती मान हलवून आत जायची. खरं सांगते, देवळात कधी जुळले नाहीत असे हात माझे त्या पुस्तकापुढे जुळले. मार्क त्याच्या मागून आले, न बोलावता.

यादी लागली तेव्हा मी आणि बाबा सड्यावर, गावामागच्या उघड्या कातळमाळावर होतो, कारण फोनला रेंज तिथेच येते. ओरोसचं सरकारी मेडिकल कॉलेज आणि त्यापुढे माझं नाव. मी ते वाचलं, परत वाचलं, आणि फोन बाबांपुढे धरला. त्यांनी नावावर बोट टेकवलं, पडदा सरकला आणि नाव गेलं. "खंय गेला गो?" बाबा असे घाबरले की बस्स. मी ते परत आणून दाखवलं. मग त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि लांबूनच बघत राहिले. आम्ही दोघंही रडत होतो आणि दोघंही समुद्राकडे बघत असल्याचं दाखवत होतो.

दुसऱ्या दिवशी आई आम्हाला देवळात घेऊन गेली. नारळ, केळी, नवं वस्त्र, सगळं तिने स्वतः निवडलेलं. गुरवाला म्हणाली, "तीनय वर्सां देवान हिच्यासाठी उजवो कौल दिल्यान. त्येचो मान देवक इलंव."

म्हातारा गुरव गोंधळला. "हिच्यासाठी? हिच्यासाठी मी कौल कधी लावलंय?" त्याने बाबांकडे बघितलं. "ह्यो यायचो, खांबाक टेकान बसायचो आनि जायचो."

बाबा बाहेर पायरीवर जाऊन उभे राहिले. आई त्यांच्या मागे, मी आईच्या मागे. आईने विचारलं, "तुमी देवाच्या नावान खोटा बोललात?"

"डावो इलो असतो तर?" बाबा म्हणाले.

"तर ऐकूचा."

"ऐकलंय असतंय. माझो सोभाव तुका म्हायती आसा. म्हणानच विचारूक नाय. देवाक म्हटलंय, विचारूक येवक नाय, सांगूक इलंय. चेडू परत परीक्षा देतला."

या माणसाने कौल डावा आला म्हणून भरलेली पिशवी रिकामी केली होती. तो तीन वर्षं देवासमोर बसून उठून आला, आणि विचारलं नाही! देव खोटा वाटला म्हणून नव्हे. देव पक्का खरा होता म्हणूनच. एवढं मोठं काही माझ्यासाठी झालं आणि मी पायरीवर नखं खात बसले होते. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

आई मात्र वळली. "मी विचारतंय आता. तुमी केलास ता बरा काय वायट, ता त्येकाच विचारतंय." आणि तडक आत गेली.

"बाबा, अडवा तिका!"

"कौलाक जाणाऱ्याक अडवूचा नसता," बाबा म्हणाले आणि देवळाकडे पाठ करून उभे राहिले.

डावी पडली तर बाबा उद्या ओरोसची गाडी पकडतील आणि कॉलेजात जाऊन माझं नाव काढून येतील, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. दारातून मला आईची पाठ दिसत होती. गुरवाने तांब्यात बोटं बुडवली, पाकळी भिजवली, हात मूर्तीकडे नेला. आई काहीतरी बोलली. गुरवाचा हात तसाच अधांतरी राहिला. आईने खाली वाकून उंबऱ्याला डोकं टेकवलं, बराच वेळ, आणि उठून बाहेर आली.

बाबा वळले नाहीत. "काय दिल्यान?"

आई चपला शोधत होती. "विचारूक नाय," ती म्हणाली. "मीय सांगान इलंय."